मुग्धा चीनला शिकली आणि आम्ही कुवेतमध्ये

मुलगी शिकायला लांब गेली की घरातलं तिचं सामान कमी होतं आणि तिचे किस्से वाढत जातात. आमच्या मुग्धाचे तर इतके झालेत की शुक्रवारी कुवेतमधल्या सलवा भागातल्या आमच्या घरी मंडळी जेवायला जमली, की कुणीतरी म्हणतंच, "अगं, तो चीनचा सांग ना!" एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो. तर आज एकदा सलगच सांगते.

* * *

माझा नवरा सुधीर मूळचा नाशिकचा, इथे पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर. मुग्धाची बारावी झाली तेव्हा त्याने पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची सगळी माहिती आणून ठेवली होती. मुग्धाने जेवताजेवता जाहीर केलं, "मला बीजिंगला जायचंय. आधी लँग्वेज, मग बिझनेसची डिग्री."

"चीनला जाऊन काय शिकणार? चायनीज?" सुधीर चिडून म्हणाला.

"हो बाबा. चायनीजच! आय ॲम सीरियस."

पुढचा आठवडाभर बापलेकीचं बोलणं माझ्यामार्फत चाललं होतं.

* * *

ते मिटवलं इस्माईलभाईंनी. हे रत्नागिरीकडचे, सुधीरचे जुने मित्र. दिव्यांचं आणि झुंबरांचं दुकान आहे त्यांचं. वर्षातून दोनदा माल आणायला चीनला जायचे.

सुधीरने विचारलं, "तुम्हाला कुठे येते त्यांची भाषा? तुमचं अडतं का काही?"

"नाय अडत," इस्माईलभाई म्हणाले. "मी कॅल्क्युलेटरवर आकडा टाकतो, समोरचा माणूस तो खोडतो, दुसरा टाकतो. धंदा होतो. पण सुधीरभाऊ, गेल्या खेपेला त्या माणसाचा बाप वारलेला. मला कळलं सगळं, पण दोन शब्द बोलायला येईनात. आता ते कॅल्क्युलेटरवर कसं बोलायचं, सांगा!"

दुसऱ्या दिवशी सुधीर स्वतः मुग्धाला व्हिसाचे फोटो काढायला घेऊन गेला.

* * *

पहिला फोन आला तो जेवणाबद्दल. मुग्धा शाकाहारी. कँटीनमध्ये पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हणाली, "मी मांस खात नाही." बाईंनी मान डोलावली आणि वांग्याची भाजी दिली. वर खिमा पेरलेला! मुग्धाने बोट दाखवलं.

"हे मांस नाही," बाई म्हणाल्या. "हे चवीला आहे."

* * *

मग ते इराक युद्धाचं वर्ष. मार्चमध्ये कुवेतमध्ये सायरन वाजायला लागले. आम्ही एका खोलीच्या खिडक्यांना टेप लावून ठेवल्या होत्या, गॅसचे मास्क उशाशी. जवळच्या महबूला भागातली आमच्या ओळखीची बरीच कुटुंबं भारतात निघून गेली होती. सुधीरला प्लँट सोडता येईना आणि मला सुधीरला सोडून जायचं नव्हतं.

मुग्धा रोज फोन करून रडायची. "आई, तुम्ही दोघं इकडे या ना! इथे एकदम सेफ आहे."

महिना गेला. इथले सायरन थांबले. खिडक्यांच्या टेप मी खरवडून काढत होते, तेवढ्यात बातम्यांत बीजिंग दिसलं. सार्स! मुग्धाच्या युनिव्हर्सिटीचं गेट बंद झालं. आतल्यांनी बाहेर जायचं नाही, बाहेरच्यांनी आत यायचं नाही. रोज ताप मोजायचा.

आता फोन मी करायचे. "मुग्धा, निघून ये गं. इथे एकदम सेफ आहे!"

"आई, मास्क लावलाय मी," ती म्हणाली. "तुझ्याइतका मोठा नाहीये, पण लावलाय."

मी हसले आणि फोन ठेवल्यावर पुन्हा बातम्या लावल्या. तिला काही झालं नाही. जुलैमध्ये ती घरी आली ती इतकी बारीक होऊन, की एअरपोर्टवर सुधीर तिला न ओळखता तिच्या शेजारून पुढे गेला.

* * *

पुढच्या वर्षी आम्ही चीनला गेलो. मुग्धाची मैत्रीण लिन, तिच्या आईवडिलांनी घरी बोलावलं होतं. वडिलांनी छोट्या कपात चहा ओतला. संपला की पुन्हा ओतायचे. पाचव्या कपानंतर सुधीरने, इतकी वर्षं कुवेती लोकांकडे कॉफी पिताना करतो तेच केलं. कप हातात धरून हलवला. कुवेतमध्ये याचा अर्थ, आता पुरे.

कपात काही पडलंय असं वाटून लिनच्या वडिलांनी घाबरून कप बदलला. नव्यात चहा ओतला.

सुधीरने तो पिऊन पुन्हा हलवला. त्यांनी तिसरा कप आणला, तोही कपाटातला, खास पाहुण्यांचा!

शेवटी मुग्धा मराठीत म्हणाली, "बाबा, प्लीज कप हलवू नका. भरलेला आहे तसा ठेवा आणि त्याच्याकडे बघूसुद्धा नका."

* * *

बिझनेसच्या वर्गात एकदा सरांनी विचारलं, समोरची पार्टी म्हणाली की 'आम्ही यावर विचार करू', तर त्याचा अर्थ काय? जर्मन मुलगा म्हणाला, ते विचार करणार आहेत. अमेरिकन मुलगी म्हणाली, आठवड्याने फोन करावा.

मुग्धा म्हणाली, "याचा अर्थ, 'नाही'."

सर खूश झाले. "हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"माझे बाबा म्हणतात ना, 'बघू'!"

* * *

शिकून ती कुवेतला परत आली आणि बिल्डिंगचं सामान आयात करणाऱ्या एका कंपनीत लागली. मालक कुवेती, अबू फहाद. चीनहून मिस्टर गाओ नावाचे पाहुणे एजन्सीचा करार करायला आले होते. दुभाषी मुग्धा. बोलणी नीट झाली, सह्या तेवढ्या राहिल्या. तेव्हा अबू फहादने मोठ्या प्रेमाने एक खोकं पुढे केलं. आत शिसवी लाकडाचं शिडाचं जहाज आणि जहाजाच्या पोटात घड्याळ!

मिस्टर गाओंचा चेहरा उतरला. चिनी भाषेत 'घड्याळ भेट देणं' आणि 'मरणाऱ्याला निरोप देणं' यांचा उच्चार एकच. भेट काय आहे हे मुग्धाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. पण चीनमध्ये यावर एक तोड असते, ती तिला आठवली. ती हळूच गाओंना म्हणाली, "एक नाणं द्या. म्हणजे ही भेट राहणार नाही, तुम्ही विकत घेतलं असं होईल."

गाओंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खिशातून एक युआनचं नाणं काढलं आणि दोन्ही हातांनी अबू फहादसमोर ठेवलं.

आता अबू फहाद लाल! "हे काय? मी माझ्या पाहुण्याकडून पैसे घेऊ?" तो उठून उभाच राहिला.

नोकरी गेली, करारही गेला, असं मुग्धाला वाटलं. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. घड्याळ, मरण, नाणं, सगळं. अबू फहाद ऐकत होता. मग खाली बसला, नाणं उचललं, उलटंपालटं करून पाहिलं.

"त्याला सांग," तो म्हणाला, "या भावात परवडत नाही. दोन लागतील."

दुभाष्याचं काम बोललेलं सांगायचं. मुग्धाने सांगितलं.

मिस्टर गाओंनी जहाज उचललं. खालून पाहिलं, मागून पाहिलं, कानाला लावलं. आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं,

"गॅरंटी किती वर्षांची?"