टाचेतून उठणारा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला, शांताला — तिला तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून जीभ रेटतेय.

ट्रकवर उसाची मोळी चढवताना पडलो आणि उजव्या खांद्याची शीर तुटली. बीडला ऑपरेशन झालं. पुढे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई खांद्याला हातच लावायच्या नाहीत. म्हणायच्या, "खांदा इसरा, भाऊ. टाच दाबा, गुडघा वाकवा, कंबर वळवा. हात मागनं आपसूक येईल." मला हसू यायचं — दुखणं कुठं आणि इलाज कुठं!

चौसाळ्याला घरी आलो. गोठ्यात एकटाच करत बसायचो. एका दुपारी टाच दाबली, कंबर वळली — आणि हात वर गेला. पार कानाच्या वर. मी उचलला नव्हता हो. कुणीतरी मनगट धरून नेल्यासारखा गेला. म्हैस दावं ताणून मागे सरकली. 

दिवाळीनंतर टोळी निघायची होती. उसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसांची जोडी, एकट्या बाईला कोण नेतं? शांताने विचारलं, "येतोय का वो हात वर?"

"न्हाई," मी म्हणालो.

का म्हणालो? भीती? आळस? — मला पुन्हा त्या उसाच्या फडात जायचं नव्हतं, एवढंच. माझ्या जागी आबा गेले. माझे वडील, पासष्टीचे. मी त्यांना जाताना बघितलं आणि गप्प राहिलो.

महिनाभरात फडातच, मोळी डोक्यावर घेता घेता आबा खाली बसले. उठलेच नाहीत.

त्यांना गावी आणलं. तिरडी उचलताना मी पुढे झालो, तर चुलते म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे, बाबा. खांदा उसवल तुजा." मी थांबलो. बरंच वाटलं — हेही सांगून टाकतो. विस्तवाचं मडकं डाव्या हातात धरून पुढे चालू लागलो. पाऊल पडलं की टाच दाबली जायची, कंबर वळायची आणि उजवा हात उठू लागायचा. मागे, चौघांच्या खांद्यावर आबा होते, त्यांच्याकडे. प्रत्येक पावलाला. शेवटी बोटं धोतराच्या गाठीत अडकवली आणि स्मशानापर्यंत तो तसाच दाबून धरला.

आबांना मी मारलं. दुसरा शब्द मला सापडत नाही.

अजूनही रोज सकाळी शांता माझा सदरा धरते. दुखू नये म्हणून उजवा हात आधी, हळूच बाहीत घालते. मी तो सैल सोडतो.