एका पायाची सवाष्ण

वहिनींनी माझा उजवा पाय परातीत घेतला. कोमट पाणी घातलं, पुसला, हळदीकुंकू लावलं. मग मी डावा पाय पुढे केला, तशी त्यांनी परात मागे ओढली.

"मावशी, तो राहू द्या. साडीखालीच घ्या."

श्रावणातला शुक्रवार. जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकाला होते. सवाष्ण म्हणून येणाऱ्या बाईंचा ऐनवेळी फोन आला, जमत नाही. पुरण झालेलं, नैवेद्य झालेला. आता दुसरी सवाष्ण आणायची कुठून? माझा नवरा ट्रकवर असतो, पण आहे. मला पाटावर बसवलं. खरं सांगते, बरं वाटलं. कुणी पाय धुऊन वाढावं असं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

माझ्या डाव्या पायाला हत्तीरोग आहे. आमच्या वस्तीत उघडी गटारं, डास. डास चावतो आणि सुतासारखे बारीक जंत अंगात शिरतात. गोळ्या वाटायला माणसं आली तोवर पाय सुजून खांब झाला होता. शिवल्याने हा रोग कुणाला होत नाही. तरी शेअर रिक्षात बाया सरकून बसतात. लग्नात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. जखम होऊ नये म्हणून तो पाय मी रोज साबणाने धुते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते. त्या घरातला दुसरा कुठलाही पाय इतका धुतला जात नसेल.

मी पाटावर तशीच बसले. एक पाय ओला, कुंकवाचा. एक साडीखाली. आणि तेव्हा लख्ख कळलं. हाच पाय सकाळपासून ओट्याशी उभा होता. त्याच्यावर भार देऊन मी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या. तिथे तो चालला. राबताना चालतो. मानाच्या पाटावर चालत नाही.

मी म्हटलं, "वैनी, दोन्ही धुनार असाल तर बसते. न्हायतर उठते."

वहिनी सासूकडे बघू लागल्या. म्हातारी म्हणाली, "पाटावर काय बसवलं, लगेच मिजास."

मी उठले. वाढलेलं ताट तसंच. सवाष्ण उपाशी गेली तर अशुभ, म्हणून वहिनी ओटीचं सामान घेऊन जिन्यापर्यंत आल्या. मी पदर पुढे केला नाही.

घरी येऊन नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्याशा ढाब्यावर होता. सगळं ऐकून म्हणाला, "एका पायानं काय बिघडलं असतं? जेवून यायचं की. हातचं काम गेलं न्हवं." मी फोन ठेवला. त्यानंतर दिवसभर बोलायला कुणी नव्हतं.

सकाळी वहिनींचा फोन. झालं गेलं विसरा, डबे खोळंबलेत. पायाबद्दल एक शब्द नाही. येत नाही म्हणून सांगितलं आणि त्याच भागात दुसरं काम शोधायला निघाले.

पहिल्याच दारात बाईंनी विचारलं, पुरणपोळी येते का. मी आधी साडी घोट्याच्या वर घेतली.

"समदं येतं. पन ह्यो पाय असा हाय. मी येनार ती दोन्ही पायांनी."

विचार करून सांगते म्हणत त्यांनी दार लावलं.

मी साडी खाली सोडली नाही. तशीच शेजारची बेल दाबली.