चार बोटं दुमड

घरात तिला दुर्बीण म्हणत. हे नाव धाकट्या दिराने ठेवलं होतं आणि ते तिच्या तोंडावर घ्यायची हिंमतही फक्त त्याचीच. मशीनवर पडदे शिवता शिवता, मान वर न करता, समोरच्या घरात कोण रिकाम्या हाताने गेलं आणि भरल्या हाताने बाहेर पडलं हे तिला कळे. अशा बाईपासून काही लपवायचं म्हणजे मांजरापुढे मासा ठेवून वर रुमाल टाकण्यातला प्रकार. तरीही तिचा नवरा लपवत होता.

दोघांचा धंदा पडद्यांचा. ती शिवायची, तो लोकांच्या घरी जाऊन टांगायचा. जाण्यायेण्यासाठी एक पांढरी, बुटकी व्हॅन होती. तिचं नाव डबी. काही वर्षांपूर्वी नवरा शिडीवरून पडला, डाव्या गुडघ्यातला जोर गेला, तेव्हा ही आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली होती. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. परवा चढावर डबीने एक लांब हुंदका दिला आणि तिथेच बसली. गिअरबॉक्स संपला होता. तसा दुसरा आता मिळत नाही, असं गॅरेजवाल्याने सांगितलं. मात्र त्याच जातीची एक भंगारात निघालेली व्हॅन होती, साध्या गिअरची. तिचं पोट काढून हिच्यात बसवता येईल.

"बसवून घेऊ," नवरा म्हणाला.

तिने मशीन थांबवलं. "अहो, पण क्लच कोण दाबणार? तुमचा गुडघा?"

"बघू," तो म्हणाला आणि कात्रीला तेल द्यायला लागला. कात्रीला कालच तेल दिलं होतं.

इतक्या वर्षांच्या संसारात एक गोष्ट तिला पक्की ठाऊक झाली होती. हा माणूस 'बघू' म्हणाला की समजावं, ठरलंय. मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

क्लच दाबू शकेल असा घरात एकच माणूस होता. दीर. तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा आणि डबीकडे बघून नाक मुरडायचा. "ही काय गाडी आहे? पाळणा आहे पाळणा. आत बसायचं आणि झोपी जायचं." आता पाळण्याची गाडी होणार आणि भाऊजी तिच्यावर बसणार, हे तिला मशीनच्या दिव्याइतकं लख्ख दिसलं. दीर माणूस वाईट नव्हता, पण वेळेचा पक्का बेभरवशाचा. सकाळी येतो म्हणून संध्याकाळी उगवणारा. आज पडदे पोचणार म्हणून गिऱ्हाइकाने खिडक्या उघड्या टाकून वाट बघायची आणि हे साहेब कुठेतरी गप्पा छाटत बसणार. दोन वेळा असं झालं की गिऱ्हाईक तयार पडद्यांच्या दुकानात. शिवणारे हात तिचे होते, पण ज्याच्याकडे चाकं, धंदा त्याचा.

गाडी तिलाही येत होती म्हणा. माहेरी वडिलांचा मालाचा टेंपो तिने भर बाजारातून काढलेला होता. डबी घेतली तेव्हा हौसेने तीही एकदा चालवायला बसली, शेजारी नवरा. पहिल्याच वळणावर सवयीने डावा पाय क्लचवर गेला. क्लच होता कुठे? तिथे पाटाएवढा रुंद ब्रेक पसरलेला. डबी जागच्या जागी खिळली, मागचे पडद्यांचे रॉड दोघांच्या मधून सुसाट पुढे आले आणि काचेला तडा गेला. नवऱ्याने गुपचूप काच बदलून घेतली. दीर मात्र आठवडाभर सांगत फिरला, "वहिनींनी पडदा पाडला!" त्यानंतर तिने डबीला हात लावला नाही.

दिवस जात होते तसा कुठेतरी पाणी मुरतंय याचा वास वाढत गेला. नवरा फोन घेऊन जिन्यात जायचा. ती जिन्यात गेली की "हो हो, कापड बघून सांगतो" म्हणून फोन ठेवायचा. कापड काय, जिन्यात वाळत घातलं होतं? एकदा दुपारी डुलकी लागली आणि जाग आली तर पायाशी टेप पडलेली.

"अहो, माझं माप काढलंत का काय? इतक्यात जायचा विचार नाही माझा."

"काहीतरीच! खाली पडली असेल."

त्याच संध्याकाळी तिची डावी चप्पल गायब झाली. उजवी जागेवर. कुत्रं नेतं तर चावून टाकतं, चोर नेतो तर जोडी नेतो. एकटी डावी कोण नेईल? तिने ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी एका पायात आपली आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची चप्पल चढवून तडक गॅरेज गाठलं.

तिथे गॅरेजवाल्याशी बोलत नवरा होता. आणि शेजारी, खिशात हात घालून, भाऊजी. तिला बघताच तिघांचं बोलणं कात्रीने कापावं तसं तुटलं.

"या ताई, या," गॅरेजवाला उगाच हात पुसत म्हणाला. "गाडी झाली आता. आत्तापर्यंत चालूच होत नव्हती. तिच्या मेंदूला, म्हणजे आतल्या कॉम्प्युटरला, अजून जुनाच गिअरबॉक्स आहे असं वाटत होतं. आज समजूत घातली."

"बायकांच्या मेंदूची समजूत घालायला तुम्ही तिघे पुरे आहात," ती म्हणाली. "बसा ना भाऊजी. लाजता कशाला? तुमचीच आहे आता."

"माझी?" दीर भावाकडे बघायला लागला. मग भीड मोडवेना म्हणून बसला आणि क्लच दाबायला पाय उचलला. खाडकन गुडघा स्टिअरिंगवर आपटला. "आई गं! दादा, हे काय करून ठेवलंयस?"

तिने वाकून पाहिलं. क्लचवर रबर लावलेला एक जाडजूड ठोकळा बसवला होता. त्याचा आकार कुठेतरी पाहिलेला वाटला. बाकावर पान्यांच्या मध्ये तिची डावी चप्पल पडली होती. ग्रीसने काळीकुट्ट. ठोकळा तिच्याच तळाबरहुकूम कापला होता.

दिराला खाली उतरवून ती स्वतः बसली. रॉड ठेवायची घोडी सीटलाच जोडलेली, त्यामुळे सीट पुढे सरकत नसे आणि तिचा पाय एरवी क्लचला दोन बोटं तरी कमी पडला असता. आता पाय पोचला, पण गुडघा पार वर, स्टिअरिंगला टेकलेला.

"मी म्हणत होतो उंच होतंय," गॅरेजवाला पुटपुटला. "दादा म्हणाले माप घरचं आहे, चुकायचं नाही. म्हटलं आधी हा बघू, मग ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचे दोन करू."

तिने ठोकळ्याला हात लावला. दोन बोटं हवीत तिथे सहा बोटं. वरची चार कुठून आली हे तिला लगेच समजलं. पडद्याचं कुठलंही माप सांगताना हा माणूस खालच्या दुमडीची चार बोटं त्यात धरूनच सांगतो. जन्माची सवय.

"दुमड धरलीत?"

नवऱ्याचा चेहरा पडला. "धरली वाटतं."

"क्लचला?"

दीर पोट धरून हसत होता. "वहिनी, दुर्बिणीतून लांबचं दिसतं हो, जवळचं नाही!"

तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "जिन्यात जाऊन फोन, झोपेत माप. मला विचारायला काय झालं होतं?"

"नाही म्हणाली असतीस."

"असतेच म्हणाले."

"म्हणून नाही विचारलं."

"मग आता विचारा."

तो डाव्या गुडघ्यावर हात ठेवून उभा होता. गॅरेजवाला उगाच एक पाना शोधायला आत गेला.

"मला कामावर सोडशील का?" तो म्हणाला. "रोज?"

तिने आत गॅरेजवाल्याला हाक मारली, "मिस्त्री, ह्याची चार बोटं उसवा. बाकीच्या दोघांना दोनच लावा, आणि माप मला विचारा."

तिन्ही ठोकळे बसले तशी ती डबी घेऊन निघाली. दारातच गाडी एकदा बंद पडली. मागून दीर ओरडला, "पडदा!" दुसऱ्यांदा डबी हलली. पहिल्याच वळणावर डावा पाय आपणहून खाली गेला आणि या वेळी तिथे क्लच होता. शेजारी नवऱ्याने एका हाताने दार आणि एका हाताने मागचे रॉड गच्च धरून ठेवले होते.

"सोडा ते. नाही येत पुढे."

त्याने दार सोडलं, रॉड सोडले नाहीत.

थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "आणि भाऊजी कशाला आले होते? मजा बघायला?"

"सहज."

"तुमच्या गुडघ्याला आता शिडीही झेपेनाशी झालीय. पडदे टांगायला वर कोण चढणार?"

"बघू," नवरा म्हणाला.

तिने आरशात पाहिलं. दीर स्कूटरवरून मागेमागे येत होता, खुशीत, शीळ घालत असावा.

"ठरलंय म्हणा की," ती म्हणाली. "चढू देत. शिडी त्यांची. किल्ली माझ्याकडे."

आणि तिने तिसरा गिअर टाकला.