विहिणीचे पाय धुताना

खोटं कशाला बोलू, मुक्ताच्या लग्नाआधी मी बाप्पावर चक्क रुसले होते. मुलीने अमेरिकन मुलगा पसंत केला याचं काही नव्हतं. जॉश सोन्यासारखा पोरगा. पण त्याचं आणि त्याच्या वडिलांचं, वॉल्टरचं, सात महिने बोलणं बंद होतं. त्या वर्षी तिकडे अध्यक्षाची निवडणूक होती. वडील एका पक्षाचे, मुलगा दुसऱ्याचा. त्यात जॉशने चर्चला जाणं सोडलेलं. एकदा जेवताना जुंपली आणि "तू देव सोडलास, आता देशही सोड," असं वॉल्टर बोलून गेला. तसे आमचे हे आणि माझे दीरही निवडणुकीवरून तावातावाने भांडतात, पण नंतर एकाच पेटीतले आंबे खातात. इथे मात्र बाप लग्नाला येणार होता तो फक्त बायकोच्या, लिंडाच्या, आग्रहाखातर. मूर्तीपुढे बसणार नाही, असं त्याने आधीच कळवलं होतं. "मग येऊच नका," असा जॉशचा निरोप. लिंडाने फोनवर मला रडत सांगितलं, की या लग्नात आणखी काही बिनसलं तर माझा मुलगा मला कायमचा दुरावेल.

मी रोज देवापुढे बसून गाऱ्हाणं घालायची. एक दिवस दमच दिला, "तुला जमत नसेल तर सांग, मी बघते." आणि खरंच बघायला लागले! वॉल्टरला खटकेल असं सगळं काटून टाकलं. सीमांतपूजनाला विहिणीचे पाय धुवायचे, ते तर पहिलं रद्द. आपल्या बायकोला देवी करून बसवलंय असंच त्याला वाटणार. गुरुजींना फोन केला, जावेला केला, हॉलवाल्यालाही केला. फक्त इथल्याच, लंडनमधल्या इल्फर्डच्या कुसुममावशीला करायचा राहिला. नेमकं पाय धुण्याचं काम तिच्याकडे.

लग्नाच्या आदल्या दिवशी कम्युनिटी हॉलमध्ये सगळे जमले. बाप-लेक दोन टोकांना. आणि बघते तर काय, मावशी नऊवारी सावरत, कोमट पाण्याचा तांब्या आणि परात घेऊन निघालेली! "लिंडा, शूज काढ बाई," म्हणत ती खाली बसलीसुद्धा. गुडघेदुखीने बेजार बाई, पण लिंडाचे पाय परातीत घेऊन लेकीचे धुवावेत तसे धुतले, पदराने पुसले. लिंडाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. वॉल्टर लालबुंद होऊन उठला. मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

तो मावशीजवळ गेला. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"माझ्या आईने," मावशी म्हणाली.

"आमच्या चर्चमध्ये आम्ही वर्षातून एकदा एकमेकांचे पाय धुतो," तो हळूच म्हणाला. "ज्याचं मन दुखावलं असेल, त्याचे आधी."

परात उचलून तो सरळ जॉशपुढे गेला आणि गुडघे टेकून बसला. "डॅड, प्लीज, नको," जॉश म्हणत राहिला. पण वॉल्टरने स्वतःच त्याच्या बुटाची नाडी सोडली. पाय धुताना "मी बोललो ते चुकलं," एवढंच म्हणाला. जॉश खाली वाकला आणि बापाच्या गळ्यात पडून रडला. हॉलभर पाणी सांडलं. "अरे, टॉवेल आणा कोणीतरी, पाहुणे घसरून पडतील!" मावशी ओरडली, आणि सगळे रडता रडता हसायला लागले.

वॉल्टर दुसऱ्या दिवशीही गणपतीपुढे बसला नाही. मागे उभा राहून शेवटपर्यंत टाळ्या वाजवत अक्षता उडवत होता. मतं दोघांची आजही वेगळी आहेत आणि फोनवर कडाक्याची भांडणं होतात. होऊ देत. फोन तर होतो!

लग्न लागल्यावर संध्याकाळी देवापुढे बसले, तर मागायला काही उरलं नव्हतं. बाप्पा, चुकले रे, म्हटलं. माझ्या शहाणपणाने सगळं पार पडलं असतं, तर त्या लेकराचे पाय कोरडेच राहिले असते.