मान हलली की पुढचं वाक्य

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा रडायच्या आधी मी घाबरलो... शोकसभेत बोलायला आता मलाच उभं करतील! पन्नाशी ओलांडलेल्या भाच्यानं हे कबूल करू नये. पण माझी ही भीती मामांना पहिल्यापासून ठाऊक होती.

नव्वदच्या दशकात सुरतेत, इच्छापोरच्या एका रसायन कारखान्यात मी नवा लागलो होतो. नोकरी कच्ची. ॲसिडची पिंपं कशी हाताळायची यावर कामगारांसमोर बोलायचं, साहेब मागे बसून ऐकणार, आणि त्यावर मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार. मी अकरा पानं लिहून पाठ केली, आणि मला तापच भरला. मामा मूळचे धुळ्याकडचे, भेस्तानला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. मला उठवून ते थेट त्या खडखडाटात घेऊन गेले. कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये असा आवाज, पण तिथं ओरडत कुणीच नव्हतं. ओठ सावकाश हलवून एक गोष्ट सांगायची, समोरच्याची मान हलेपर्यंत थांबायचं, मगच दुसरी. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "देखं ना? मान हालनी का मंग फुढे. तुनी इतली पाने कोन ऐकी?"

"आणि कुणी मान हलवलीच नाही तर?"

"तं तठेच उभा ऱ्हाय. पळू नको."

आठ दिवस तिथंच तालीम झाली. भाषणाला उभा राहिलो. 'आधी पाणी, मग ॲसिड' हे पहिलं वाक्य बोललो, पण लूमवरच्या सवयीनं आवाज काढायलाच विसरलो! "अरे भाई, अवाज तो काढ!" साहेब ओरडले. हशा पिकला. तिसऱ्या रांगेत पूर्वी लूमवर असलेला एक कामगार होता, त्यानं तेवढी मान हलवली. तिच्या आधारानं मी सात वाक्यं बोललो. कायम झालो.

शोकसभेत मात्र बोललो नाही. खरं सांगावं लागलं असतं. मामा जायच्या आदल्या दिवशी त्यांचा आवाज गेला होता. ओठ सावकाश हलले, "माले भेव वाटस." मला लख्ख कळलं... आणि मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो. मान हलवली असती तर ते पुढचं बोलले असते, आणि ते ऐकायची माझी छाती नव्हती. मामा बराच वेळ माझ्या मानेकडे बघत थांबले.

परवा भेस्तानला गेलो. मामींनी त्यांची खाट अजून काढलेली नाही. तिच्यासमोर बसून मी मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

"मान आखडनी का रे?" मामींनी विचारलं.

मी हो म्हणालो.