तिसऱ्या ट्रम्पेटचा कागद

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. सरकारी बँडमध्ये मी बावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं, तेही बहुतेक खुर्चीवर बसून, आणि ती सगळी वर्षं खुर्चीखाली माझी टाच थिरकत राहिली. नोकरी सोडून वालूरला परत आलो तेव्हा वाटलं, आता तरी बूड टेकेल. सहा महिन्यांत घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं आणि बायको म्हणाली, तुम्ही रोज थोडा वेळ कुठंतरी जात चला.

फार लांब जावं लागलं नाही. त्या वर्षी गावच्या जयंती मंडळानं ठरवलं की मिरवणूक झाली की आपल्या बँडनं विहारासमोरच्या स्टेजवर खुर्च्या टाकून बसायचं, समोर कागद ठेवायचे आणि अर्धा तास नुसतं ऐकण्यासारखं वाजवायचं. मोठ्या शहरांत वाजवतात म्हणे तसं. काय वाजवायचं आणि कुणाला कुठला कागद द्यायचा, हे काम माझ्याकडं आलं. फेब्रुवारी होता, हातात दोन महिने होते आणि मला त्याच दुपारी सुरुवात करायची होती.

बँड आमच्याच आळीचा. अठरा माणसं, लग्नसराईत सेलू, मानवत, जिंतूरपर्यंत सुपाऱ्या घेणारी. त्यांत तीन तऱ्हा. माझ्या वडलांच्या वयाचे चौघं, ज्यांची कागदाशी ओळख नाही. चाल एकदा कानात गेली की बोटांत उतरते. मधल्या वयाचे वहीत सारेगम लिहून घेणारे. आणि शाळेच्या बँडमध्ये पाच रेषांचं नोटेशन शिकलेले चार-पाच जण. त्यांत सगळ्यात तयार वायरमनची मुलगी. परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, रोज एसटीनं जाऊन येऊन करायची. तिच्यापुढं कुठलाही कागद ठेवा, पहिल्याच झटक्यात ट्रम्पेटवर वाजवून दाखवणार. कागद काढून घेतला की मात्र पुढचे दोन सूर तिला सांगता यायचे नाहीत.

पुढची खुर्ची दादांची. वडलांना आम्ही भावंडं दादा म्हणतो. चाळीस वर्षं ते बँडच्या पुढं ट्रम्पेट धरून चालत आलेत. त्या हिवाळ्यात त्यांचे वरचे समोरचे दोन दात गेले. परभणीला जाऊन खोटे बसवून आणले, पण ते जेवणापुरते. ट्रम्पेटचा वरचा सूर ज्या ओठांवर उभा राहतो त्या ओठांना मागून दातांचाच आधार असतो. वर जायची वेळ आली की दादांच्या सुराआधी नुसती हवा यायची, पंक्चर ट्यूबमधून येते तशी. बँडमध्ये सगळ्यांना ते ऐकू येत होतं. त्यांची खुर्ची राहते की जाते, हे मी निवडीन त्या कागदावर ठरणार होतं आणि हे मोठ्यानं म्हणायला कुणी तयार नव्हतं. मीही नाही.

इंटरनेटवर बँडचे कागद पायऱ्या पाडून मिळतात. पहिली पायरी शिकाऊंची, पाचवी उस्तादांची. कुठल्या पायरीला किती वरचा सूर लागेल, बोटं किती पळवावी लागतील, सगळं दिलेलं असतं. मी सेलूच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन तिसऱ्या पायरीचा एक परदेशी मार्च छापून आणला. मुलीनं तो वाजवला, बाकीचे सतरा जण तिच्याकडं पाहत बसले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीचं आणलं. ते इतकं बाळबोध निघालं की दादांच्या जोडीचा युफोनियमवाला वाद्य मांडीवर ठेवून म्हणाला, हे वाजवायला तर माझी नात पुरेल. दुसऱ्या पायरीची चार आणली. एकात वरचा सूर नव्हता पण बोटं पळत होती, एकात बोटं निवांत पण दादांना नको तो सूर सारखा येत होता. रोज सकाळी मी नवा गठ्ठा घेऊन विहारात आणि दुपारी तोच काखेत मारून सेलूच्या जीपमध्ये. एक ना धड भाराभर चिंध्या. झेरॉक्सवाला मला पाहिलं की यंत्र चालू करायचा.

शेवटी मीच लिहायला बसलो. जयंतीला आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या वाजणारी एक जुनी चाल आहे, आळीतल्या बाया भाकरी थापतानाही ती गुणगुणतात. ती घेतली, प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे वाटून दिली आणि गुपचूप अख्खी चाल दोन सूर खाली आणली. आता सगळ्यात वरचा सूरही दादांच्या आवाक्यात होता. कागद त्यांना वाचता येत नसल्यामुळं कळणार नाही, असा माझा हिशेब. बावीस वर्षं बँडमध्ये काढलेल्या माणसानं असा हिशेब करावा, याचं मला आजही नवल वाटतं.

तालमीत दादांनी आठ मात्रा वाजवल्या आणि ट्रम्पेट खाली घेतलं.

"हे खाली कामून आणलंस?"

मी म्हणालो, क्लॅरिनेटला सोपं जावं म्हणून. ते माझ्याकडं बघत राहिले. माझी नजर त्यांच्या तोंडावर गेली आणि ती गेलेली त्यांनी पाहिली.

"गाणं जिथलं हाय तिथंच ठीव," ते म्हणाले. "पुढं त्या पोरीला बशिव. मला खालचं कायतरी दे."

ते उठून मागच्या रांगेत जाऊन बसले. मुलगी जागची हलेना. शेवटी त्यांनीच तिला हातानं पुढची खुर्ची दाखवली. मला बरं वाटलं, सांगायला लाज वाटते, पण आधी बरंच वाटलं. जे मला म्हणायचं होतं ते त्यांनीच म्हणून टाकलं होतं.

मग मी त्यांच्यासाठी तिसऱ्या ट्रम्पेटचा कागद लिहिला. त्या छापील पायऱ्यांच्या मापानं तो बँडमधला सगळ्यात सोपा कागद. सूर पाच, सगळे खालचे, बोटं निवांत. पण तिसऱ्या ट्रम्पेटला चाल नसते. कुणी गोष्ट सांगत असताना मागून हुंकार देणाऱ्याचं ते काम. दोन सूर धरायचे, मग सहा बार गप, मग एक सूर, मग चार बार गप. बार म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधलं चार मात्रांचं घर. कानावर वाजवणाऱ्याला धरायला त्यात काहीच नसतं. वाचल्याशिवाय तो वाजवताच येत नाही. जो कागद शिकाऊ पोराला आठवड्यात जमला असता, तो चाळीस वर्षं चाल वाजवणाऱ्या माणसाला सगळ्यात अवघड होता. हे मला लिहिताना सुचलं नाही. सोपं कुणाला, हे न विचारताच मी सोपं म्हणत होतो.

दादा गप बसायच्या जागी चालच वाजवायचे. हट्टानं नव्हे, सवयीनं. आमच्या बँडचा एकच नियम, चाल खाली पडू द्यायची नाही. वरातीत एकाचा दम संपला, पाय खड्ड्यात गेला, कुणी तोंडात पान कोंबलं, की शेजारचा लगेच उचलतो. तोच नियम मला आता मोडायचा होता. तीनदा सांगितलं, चारदा सांगितलं. मार्च उलटत आला होता, माझ्या डोक्यात नुसत्या मुंग्या. एका सकाळी त्यांनी पुन्हा चाल उचलली आणि मी लाकडी पट्टी स्टँडवर आपटली.

"दादा, कागदावर जे आहे तेच वाजवायचं. जिथं गप बसायचं लिहिलंय तिथं गप बसायचं."

सगळ्यांसमोर बोललो. दादांनी मान हलवली, एवढंच. घरी आल्यावर मी आईच्या फोटोकडं पाठ करून जेवलो.

दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे ओट्यावर कागद घेऊन बसायला लागले. काळे ठिपके म्हणजे काय, आडवी रेघ म्हणजे काय, हे त्यांनी मला विचारलं नाही. त्या मुलीला विचारलं. तालमीआधी ती दहा मिनिटं त्यांच्याजवळ उभी राहायची, पाठीवर कॉलेजची बॅग, कारण तालमीवरून ती थेट एसटीला जायची. मी दाराआडून ऐकायचो, आत-बाहेर करायचो, मध्ये बोलावंसं वाटायचं आणि बोलायचो नाही. गप बसायचे बार ते बोटांच्या पेरांवर अंगठ्यानं मोजायचे. एप्रिल लागला तेव्हा तालमीत त्यांची एकही जागा चुकत नव्हती.

जयंतीच्या संध्याकाळी मिरवणूक विहाराशी येऊन थांबली, माणसं स्टेजसमोर सतरंज्यांवर बसली. पांढरी लुगडी, निळे फेटे, पोरं खांद्यावर. पहिल्या पायरीची दोन सोपी झाली, आणि आम्ही ती चाल धरली. मुलगी सुरेख वाजवत होती. समोरच्या बायांच्या माना डोलायला लागल्या.

चांगल्या छापील नोटेशनमध्ये पान तिथं संपतं जिथं वाजवणाऱ्याला हात रिकामा असतो. हे मला कुणीही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण हे कागद मी घाईघाईनं हातानं उतरवले होते आणि तिचं पान ऐन चालीच्या मध्यात संपत होतं. तिनं एका हातानं पान उलटलं, वाऱ्याचा झोत आला आणि पान स्टेजवरून खाली गेलं.

ट्रम्पेट थांबलं. माझी पट्टी त्या दिवशी सगळ्यांनीच ऐकली होती, बाकी सगळे आपापल्या कागदाप्रमाणे वाजवत राहिले. मागं ढोल, युफोनियमचं हुं-हुं, क्लॅरिनेटची भरणी, आणि मधोमध चाल नाही. मुलगी रिकाम्या स्टँडकडं बघत होती. मी समोर उभा राहून ताल देत हात हलवत होतो आणि दादांकडं पाहत होतो. त्यांना ती चाल झोपेतही येत होती. खालच्या सुरात उचलली असती तरी भागलं असतं, दात लागलेच नसते. मी डोळे वटारले, भुवया उडवल्या. दादांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ट्रम्पेट गुडघ्यावर होतं, नजर कागदावर, ओठ पुटपुटत होते, अंगठा पेरांवरून पुढं सरकत होता. सहा बार. आयुष्यात इतके लांब सहा बार मी वाजवले नाहीत. सहावा संपला तसं त्यांनी ट्रम्पेट उचललं आणि आपला एकच सूर नेमका जागेवर दिला. तोवर खालून कुणीतरी पान वर दिलं होतं, मुलगीही पुन्हा चालीत आली. टाळ्या पडल्या. बऱ्याच जणांना वाटलं, ते तसंच बसवलंय.

स्टेजमागं दादा ट्रम्पेटमधलं पाणी झटकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी म्हणालो, चाळीस वर्षांत तुम्ही कधी चाल खाली पडू दिली नाही, आज का नाही उचलली? मला वाटलं होतं, आता ते त्या सकाळचं उट्टं काढतील. काढलं असतं तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

"माझ्या कागदावर तिथं गप बसायचं लिव्हलंय," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. त्यांनी खिशातून कागदाची घडी काढली, उलगडून माझ्यापुढं धरली आणि त्या सहा बारांवर बोट ठेवलं. तोंडावर शाळेतून पाटी दाखवायला आलेल्या पोराचा आनंद होता.

"समदे बरोबर मोजले ना रं मी?"

मी हो म्हणालो. एकही चुकला नव्हता.