येताना पावणेनऊ तास

अर्धे कपडे दोरीवर, अर्धे अजून बादलीत, आणि विहीणबाई दारात. शिलाईवालीने ओला टॉवेल पिळता पिळता तोंडभर "या, या" म्हटलं. विहीणबाई कशासाठी येणार, हे मुलाने कालच फोनवर सांगितलं होतं.

"प्रवासासाठी जाकीट शिवून द्या बाई. आतून दोन खिसे हवेत, पासपोर्टला आणि चष्म्याला," खुर्चीत टेकत विहीणबाई म्हणाल्या. "नात दोन महिन्यांची झाली. लेक म्हणते, आई, आता येच."

नात काय एकट्या त्यांची होती? शिलाईवालीच्या मुलाचीच ती मुलगी. बाळाची चाहूल लागली तेव्हा मुलाने आधी आपल्या आईलाच विचारलं होतं, येशील का म्हणून. "छे रे, इतके तास बसून कंबर धरते माझी," असं ती म्हणाली होती. पहिल्या विचारण्याला हो म्हणायचंच नसतं, समोरच्याने आग्रह करायचा असतो, ही तिची जन्माची सवय. परमुलखात राहून मुलगा ती विसरला. "बरं," म्हणाला आणि सासूचं तिकीट काढून मोकळा झाला.

"हात वर करा." टेप जरा जास्तच आवळली गेली.

"अहो, श्वास तरी घेऊ द्या!"

"विमानातली खुर्ची अरुंदच असते म्हणे. सवय होऊ दे."

छाती चाळीस भरली, तिने वहीत अडतीस लिहिलं. मन निर्मळ ठेव, एवढंच ती रोज सकाळी देवाकडे मागायची. आज देवानेही जरा तोंड फिरवलं असावं.

"सात हजार किलोमीटर आहे बाई! जाताना नऊ तास चाळीस मिनिटं, येताना पुन्हा तितकेच."

"येताना पावणेनऊ," शिलाईवाली फटकन बोलून गेली. "वारा मागून असतो. आणि सात हजार नाही, सात हजार दोनशे दहा."

विहीणबाईंनी हात खाली घेतले. "तुम्हाला हो कसं ठाऊक?"

काय सांगणार? रोज दुपारी जेवण झालं की ती फोनवर आपलं आणि मुलाचं शहर टाकून बघायची, जणू काल रात्रीतून अंतर थोडं आटलं असेल.

"आणि जावई सांगत होते, तुमची कंबर धरते म्हणे. दिवसाचे दहा तास तर मशीनवर बसता!"

"मला जायचंय," शिलाईवालीचा आवाज चिरका झाला. "तुमच्या आधी जायचं होतं. तुम्ही तिला पहिल्यांदा उचलून घेणार, म्हणून तुमचं तोंडसुद्धा बघवत नाहीये मला."

विहीणबाईंनी वहीवर बोट ठेवलं. "ते चाळीस करा आधी, मी आंधळी नाही. आणि जावयाला आत्ता सांगा, माझ्यासमोर." त्यांनीच फोन लावून हातात दिला.

"आई, तूच तर नको म्हणालीस!" मुलगा चक्रावला.

"म्हणाले. आता हो म्हणते. पुन्हा विचारत बसू नकोस."

तो हसला. "पासपोर्ट काढ मग. त्या परत आल्या की लगेच तू."

परत आल्या की. म्हणजे नंबर दुसराच. ते आत खुपलं ते खुपलंच. पण फोटोवाला एक वाजता दुकान बंद करतो. विहीणबाईंना वाटेला लावून शिलाईवाली पासपोर्टचे फोटो काढायला निघाली.